खोबरेल घातलेली बंदूक

हाशम परकारच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: बंदूक साफ करता येणारी आणि बाकीची. सौदीच्या उत्तर टोकाला, तुरैफच्या बाहेरच्या दगडी माळावर त्याचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, हम्माद नेमबाजीचा क्लब चालवायचा. तिथल्या बंदुका हाशम अकरा वर्षं सांभाळत होता, आणि एवढ्या वर्षांत पहिल्या प्रकारात त्याने एकच नाव टाकलं होतं. ते त्याचं स्वतःचं.

सभासद यायचे ते नटूनथटून. रियाधहून मागवलेली जाकिटं, कानाला महागडी यंत्रं, मनगटावर वाऱ्याचा वेग सांगणारं घड्याळ. गोळी मात्र जायची डोंगराला. बंदूक परत घेताना हाशम नळीत डोकावून ‘माशाल्ला’ म्हणायचा, आणि ते आपलं कौतुक आहे असं समजून मंडळी खूश व्हायची. निशाणं म्हणून लोखंडी जनावरांचा जो परदेशी संच आला होता, त्यात मेंढ्यांबरोबर डुकरंही निघाली. ती काढून हरणं बसवायला हम्मादला दोन महिने लागले. पण हरणं काय नि डुकरं काय, या लोकांच्या हातून दोन्ही सुखरूपच राहिली असती.

या सगळ्यांत हाशमच्या डोक्यात जाणारा माणूस म्हणजे राजाभाऊ. पुण्याचा इंजिनिअर, जवळच्या खताच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. कॉलेजात एनसीसीत असताना कधीतरी त्याला नेमबाजीचं एक पदक मिळालं होतं आणि ते तो अजून सगळीकडे मिरवत होता. आल्या आल्या हाक मारायचा, “ए हाशम, चाय ला जरा.” आणि चहा आला की तो हातात घेऊन शेजारी बसलेल्या बायकोला, मंजिरीला, मराठीत सांगायचा, “कामाला बरा आहे हा. डोकं बेताचंच.”

हाशम हर्णैचा. नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. तो कप उचलायचा, चेहऱ्यावरची माशी हलू न देता निघून जायचा. मला मराठी येतं, हे त्याने राजाभाऊला दोन वर्षांत सांगितलं नाही. सांगून काय मिळणार होतं? मग त्याच्याशी मराठीत बोलावं लागलं असतं.

त्या हिवाळ्यात हम्मादने त्याला ऑफिसात बोलावलं. क्लबला ट्रेनर हवा होता आणि इजिप्तचा एक माणूस त्याच्या नजरेत होता. “मॅचला तू उतर,” हम्माद म्हणाला. “पहिला आलास तर ट्रेनर तू, नवा इकामा मी काढतो. नाही आलास तर मार्चमध्ये इकामा संपतोय. खलास.” इकामा म्हणजे सौदीत राहायचा परवाना; तो संपला की घरचं विमान.

घर आता दापोलीत होतं. मुलगी इफरा तिथून खेडला फार्मसी कॉलेजात जात होती, दुसऱ्या वर्षाला. बायको साबिरा फोनवर एकच सांगायची, “दोन वर्षं काढा कशीतरी. पोरीचा शिकून होऊ दे, मग या.” हाशमला काळजी नव्हती. सरावात दहातली नऊ जनावरं तो बोलत बोलत पाडायचा. हरवणार कोण होतं त्याला? ही जाकिटं?

मॅचच्या दिवशी सकाळी पारा उणे तीनवर होता आणि वर वारा. नळाला बर्फ धरला होता. मॅच जुन्या घाटाच्या लिव्हरवाल्या बंदुकांची. घोड्याखालचा लिव्हर खाली ओढायचा, रिकामं काडतूस उडतं. वर घ्यायचा, नवं आत जातं. दहा गोळ्या, दहा जनावरं. अशा थंडीत बंदूक कोरडी ठेवायची असते, म्हणून हाशमने आदल्या दिवशी सगळ्या बंदुका पेट्रोलने धुऊन तेलाचा टिपूस राहू दिला नव्हता.

हम्मादचे पाहुणे एकेक करून गारठत आले आणि गेले. जनावरं पडली चार, सहा, पाच. मग राजाभाऊ. शेवटी हाशम.

राजाभाऊने पहिल्या तीन गोळ्यांत तीन पाडली. चौथ्याला लिव्हर अर्ध्यात अडकला. त्याने ओढला, मग गुडघा लावून ओढला. हम्माद ओरडला, “यल्ला, हाशम, बघ काय ते.” बिघाड झाला तर पाच मिनिटं मिळतात असा नियम होता, आणि बिघाड काढायचं काम हाशमचंच. त्याने पाच मिनिटं नुसती खुडबुड केली असती तरी कुणाला कळलं नसतं. राजाभाऊ तीनवर संपला असता आणि ट्रेनरची जागा खिशात आली असती.

हाशमने बंदूक हातात घेतली आणि त्याला वास आला. तुरैफमध्ये, उणे तीनमध्ये, खोबरेलाचा.

“हात लावू नका,” तो मराठीत म्हणाला. “खोबरेल घातलंत ना हिच्यात?”

राजाभाऊचं तोंड उघडंच राहिलं. “तुम्ही... मराठी?”

“तेल कधी घातलंत ते सांगा.”

“सकाळीच. आत हॉलमध्ये. कोरडी वाटली म्हणून. माझ्या बॅगेत असतंच, केसांना...” हॉलमध्ये हीटर होता, तिथे तेल पाण्यासारखं वाहिलं असणार. बाहेर आल्यावर आत मेणासारखं थिजलं होतं.

एवढा शिकलेला माणूस, सगळा जन्म रसायनांत गेलेला, आणि त्याला खोबरेल थंडीत गोठतं हे ठाऊक नव्हतं? हर्णैची शेंबडी पोरंसुद्धा बाटली उन्हात ठेवतात. हाशमला असा राग आला की त्याचे कान तापले. या गाढवाला मी तेलाने हरवू? उद्या इजिप्तवालासुद्धा म्हणेल, हाशम जिंकला तो एका बाटलीमुळे. त्याने हातमोजे काढून फेकले, बंदूक उघडली, पेट्रोलचा डबा ओढला आणि उघड्या हातांनी एकेक खाच धुऊन काढली. त्या वाऱ्यात पेट्रोल बोटांवरून उडायचं तेव्हा चावल्यासारखं वाटायचं. मग काहीच वाटेनासं झालं. चौथ्या मिनिटाला लिव्हर लोण्यासारखा फिरला.

राजाभाऊने आणखी पाच पाडली. एकूण आठ.

हाशम उभा राहिला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं त्याची नव्हतीच. घोडा कधी दाबला गेला ते गोळी सुटल्यावर कळत होतं. सात पडली. शेवटच्या मेंढ्याच्या पायाशी नुसती धूळ उडाली.

कप राजाभाऊला मिळाला. पण तो फोटोला उभा राहिला नाही, तडक हम्मादकडे गेला आणि इंग्रजीत म्हणाला, “हा कप माझा नाही. माझ्या चुकीने बंदूक अडकली होती. यांनी ती सोडवली आणि त्यात यांचे हात गारठले. ट्रेनर यांनाच करा.”

हम्मादने हाशमकडे पाहिलं. “खरं आहे हे?”

हो म्हणायचं होतं फक्त. पण राजाभाऊ डोळ्यांत पाणी आणून त्याच्याकडे बघत होता, आपण काहीतरी थोर करतोय असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. याच्या शिफारशीवर मी राहू? रोज याला सलाम करू?

“नाही,” तो अरबीत म्हणाला. “माझे हात नीट होते. नेम चुकला.”

“खलास मग,” हम्माद म्हणाला आणि चहाकडे वळला.

दुपारी खोलीत ऊन आल्यावर बोटं उकलली तेव्हा हाशमने घरी फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. तेल, पेट्रोल, त्या पुणेरी माणसाचं नाटक. साबिरा हसेल असं त्याला वाटलं होतं.

“म्हणजे तो माणूस तुमच्यासाठी बोलला,” ती म्हणाली, “आणि तुमी नाही म्हणालाव?”

“तुला कळायचं नाही ते.”

“नाही कळायचा,” साबिरा म्हणाली. “इफरा इथंच बसलीय. तिला तुमीच सांगा.” आणि तिने फोन मुलीच्या हातात दिला.