तिघींनी मान टाकली

माझ्या भावजयीला आम्ही घरात भिंगरी म्हणतो. एका जागी बसेल तर शपथ! जेवताना उठून गॅस बंद आहे का बघेल, परत येऊन दोन घास खाईल, की चालली फोन बघायला. मी म्हणायचे, "अगं, बूड टेकव जरा, खुर्चीला काटे आहेत का?" तर म्हणायची, "वन्सं, काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं हो." काय राहिलंय ते तिलाही ठाऊक नसायचं.

नोकरीही मिळाली ती स्वभावाला साजेशी. जनावरांपासून, पाखरांपासून माणसांना होणारे आजार कुठे डोकं वर काढतायत का, हे इंटरनेटवर हुडकायचं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खडखडणारा पंखा, आणि पडद्यावर सरकत जाणारी वाक्यं. लोक बातम्यांखाली, ग्रुपवर जाहीरपणे जे लिहितात ते मशीन गोळा करतं. त्यात ताप, खोकला, मेलेली जनावरं असलं काही दिसलं की वाक्य हिच्यापुढे टाकतं. आजार की नुसत्या गप्पा, ते हिने ठरवायचं.

आता आपल्या लोकांची तोंडं! "शेजारी म्हणजे डोक्याला ताप." "हसून हसून मेले." मशीन बिचारं दर वेळी दचकायचं. मग भिंगरीने त्याला शिकवलं, हे सोड, तेही सोड. "मान टाकली" सुद्धा सोड, कारण लोक फ्रिजबद्दल, मिक्सरबद्दल सर्रास तसंच लिहितात. साहेब खूश झाले. सोडलेली वाक्यं एका ढिगात जाऊन पडायची आणि तो ढीग कुणी उघडायचं नाही.

हिला मात्र चैन पडेना. डबा खाताना ती तो ढीग वाचत बसायची. साहेब हसायचे, "बाई, केर काय चिवडताय?" ती मान हलवायची आणि वाचत राहायची.

एक दिवस असंच चाललं होतं. मिक्सरने मान टाकली. गाडीने ऐन चढावर मान टाकली. आणि मग, "सकाळपासून तिघींनी मान टाकली. आता उरलेल्यांकडे बघू की घरात झोपलेल्याकडे?"

मिक्सरला कुणी तिघी म्हणतं का? घास तिच्या हातातच राहिला. कारण कोंबड्यांना अशी बायामाणसांसारखी मोजणारी तिच्या ओळखीत एकच होती. मी.

लिहिलं होतं मीच, कोंबड्या पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर. आणि घरात झोपलेलं म्हणजे आमचं ध्यान, माझा नवरा.

तासाभरात ही मागच्या दारात हजर, नाकातोंडाला फडकं बांधून.

"वन्सं, तुरे निळे पडलेत का?"

"पडलेत. तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. भावोजींना ताप आहे?"

"ताप कसला? कणकण आहे. खुराडं झाडून दमलेत."

ती तडक आत गेली आणि ह्यांच्या कपाळाला हात लावला. पडल्या पडल्या सुद्धा जिना चढून आल्यासारखी धाप लागली होती त्यांना.

"अंग भाजतंय की हो! मी आत्ता ऑफिसात कळवते. ह्यांना दवाखान्यात नेतील. आणि कोंबड्या..."

"सगळ्या?"

"सगळ्या. शेजारपाजारच्या सुद्धा."

माझं टाळकंच फिरलं. "नणंदेच्या घरावर गाढवाचा नांगर फिरवायला आलीस होय गं? शेजारी मला उभी करतील का दारात?" तोंडाला येईल ते बोलले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण जन्मात पहिल्यांदा ती एका जागी उभी होती, माझ्या ओट्यापाशी, फोन कानाला लावून. "पत्ता लिहून घ्या," म्हणाली आणि माझ्याच घराचा पत्ता सांगितला.

अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं आली. खुराडं रिकामं झालं, गल्लीतली सगळीच खुराडी रिकामी झाली. डॉक्टर म्हणाले, औषध वेळेवर सुरू झालं, उशीर झाला असता तर अवघड होतं. मी ते ऐकलं, आणि तरीही तिच्याशी बोलले नाही. मी अशीच आहे. माझी टकली कोंबडी हातातून दाणे खायची.

शेवटी तीच आली. बसली नाहीच, दारात उभी राहून विचारलं, "वन्सं, तापाला कणकण सोडून अजून काय काय म्हणता?"

मी रागातच सुनावलं, "कसर येते म्हणतो, अंग मोडून येतं म्हणतो, आणखी काय म्हणायचं?"

ते सगळं तिने मशीनला शिकवलं. आता ते काही म्हणता काही सोडत नाही, आणि साहेबांनी हसायचं सोडलंय.

परवा ह्यांनी नळ उघडा टाकला, घरभर पाणी. मी वैतागून ग्रुपवर लिहिलं, "नवरा म्हणजे डोक्याला ताप." थोड्या वेळात फोन वाजला.

"वन्सं, भावोजींना..."

"अगं बये, डोक्याला ताप! बोलायची पद्धत आहे ती!"



"ठाऊक आहे हो. तरी एकदा हात लावून बघा ना."

हिचं आपलं काहीतरीच! फोन ठेवून मी परसात गेले. हे रिकाम्या खुराड्याशेजारी पेपर वाचत बसले होते. मी कपाळाला हात लावला. गार होतं.

"काय गं?"

"काही नाही," म्हटलं. हात मात्र लगेच काढवला नाही.