हंसाबाईची घुगरी

फुलसावंगीहून येताना नाला ओलांडला की उजव्या हाताला तांडा लागतो. तिथं पहिलंच स्लॅबचं घर हंसाबाईचं. लोक त्याला मस्कतवाल्याचं घर म्हणतात. मस्कतवाला घरात नाही, तो तिकडं मस्कतातच आहे, पण घर त्याच्या नावानं ओळखतात. अन् त्या घराच्या दारात बसलेली हंसाबाई म्हणजे, काय सांगू तुम्हाला, नवरा मेल्यावरही घुगरी घालून बसलेली तांड्यातली पहिली बाई!

घुगरी म्हणजे खायच्या घुगऱ्या नव्हेत, बाप्पा. बंजाऱ्यांच्या जुन्या बाया कानाजवळच्या केसांत चांदीचे झुबके गुंफतात, ते दोन्ही गालांवर लोंबतात, ती घुगरी. लग्नात चढते, ती नवरा असेतोवर. नवरा गेला की दिवसांच्या वेळी तांड्यातल्या बाया जमतात, एकमेकींच्या गळ्यात पडून हेल काढून रडतात, मेलेल्याचे गुण गातात, अन् रडता रडताच विधवेची घुगरी उतरवतात. एकदा उतरली की परत चढत नाही. आताच्या पोरी साड्या नेसतात, त्यांना घुगरी जड होते. घालणाऱ्या म्हाताऱ्या मोजक्याच उरल्या. पण जी घालते तिला नियम चुकत नाही. हंसाबाईनं तो चुकवला, अन् जाणूनबुजून चुकवला.

कायले? तर पोरासाठी.

पोराचं नाव इंद्रजीत, त्याच्या पाठची बहीण राखी. पुसदला आयटीआय केलं, एसीचं काम शिकला अन् फुलसावंगीत पंखे, कूलर दुरुस्त करत बसला. उन्हाळ्यात काम, बाकीचे महिने माशा मारायच्या. मग एका एजंटाच्या मागं लागून त्यानं मस्कतचा व्हिसा मिळवला. घरात भांडणाचा असा कडाका उडाला म्हणता! बाप खेमसिंग तापट माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं.

"अबे, आपले बापजादे लदेणी घेऊन मुलखभर फिरले. बैलांवर मीठ लादलं, धान्य लादलं, कुठच्या कुठं गेले. पण बायका, लेकरं, म्हातारे, कुत्रे, समदे संग राह्यत. मेलं तरी चार माणसाईत मेलं. तू एक बॅग घेऊन एकटा चालला. ही कोणती लदेणी बे?"

"बा, इथं राहून काय करू मी? राखीचं शिक्षण कोण करन? तू?"

हा शेवटचा शब्द त्यानं बोलायला नको होता. खेमसिंग उठला, खांद्यावर टॉवेल टाकला अन् वावरात निघून गेला. पोरगं एसटीत बसलं तेव्हा तो सोडायला आला नाही. हंसाबाई अन् राखी दोघीच फाट्यावर उभ्या होत्या. गाडी हलेपर्यंत इंद्रजीत खिडकीतून नाल्याकडं पाहत होता, बा येते का म्हणून.

खोटं कायले बोलू, मस्कतनं दिलं बरंच. मातीचं घर होतं तिथं स्लॅब पडला. चुलीच्या धुरानं लाल झालेले हंसाबाईचे डोळे गॅस आल्यावर निवळले. राखी महागावला कॉलेजात जायला लागली. दर शुक्रवारी दुपारी, पोराच्या सुट्टीच्या दिवशी, फोनवर त्याचं तोंड दिसायचं. तो हंसाबाईला सगळं दाखवायचा: समुद्र, काचेच्या इमारती, आरशासारखे रस्ते. हंसाबाईनं जन्मात समुद्र पाहिला तो फोनमधेच. "इथं लाईन जात नाही याडी," तो सांगायचा. (आईला ते याडी म्हणतात, भावाला भिया. मायलेकरांचं बोलणं सगळं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत व्हायचं, मी तुमच्यासाठी वऱ्हाडीत सांगून राह्यलो.) "पगार तारखेले होते. अन् इथं तांडा कोणता, जात कोणती, कोणी विचारत नाही. काम येते का, एवढंच विचारतात." हे सांगताना त्याचा चेहरा फुलायचा. आपल्याकडं शाळेत त्याला काय काय ऐकावं लागलं होतं, ते मायला माहीत होतं.

अन् दुसरी बाजू? ती तो हसत हसत सांगायचा, म्हणून जास्त टोचायची. एका खोलीत एकावर एक खाटा. बाहेर अशी झळ की हात लोखंडाला लागला तर कातडं निघते. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, मनात आलं म्हणून माणूस निघू शकत नाही. संगतीला केरळचे, नेपाळचे, बांगलादेशचे, सगळ्यांशी हिंदी. "गोरबोली बोलाले कोणी नाही याडी. मंग मी एसीच्या डक्टात शिरलो का आतमधे एकटाच बोलतो. आवाज असा घुमते ना, वाटते आपल्याच तांड्यातला कोणी जबाब देऊन राह्यला." राखी खो खो हसली. हंसाबाईला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

आता खेमसिंगचं ऐका. स्लॅब पडला तसा म्हातारा विरघळला होता. फुलसावंगीच्या चहाच्या हॉटेलात बसून आल्यागेल्याला सांगायचा, "मायं पोरगं समुद्राच्या काठी राह्यते. मोठमोठ्या इमारतीईले गार हवा तोच पुरवते." छाती अशी फुगायची! पण हे पोराला सांगेल तर शपथ. फोन हातात दिला की विचारायचा, "जेवला का?" तिकडून हो आलं की फोन बायकोकडं. बापलोकांचं हे असंच असते, पोटात माया अन् तोंडाला कुलूप. अरे, बोल ना एकदा, पैसे पडतात का बोलायचे? पण नाही.

अन् मग पेरण्या आटोपल्या तेव्हा खेमसिंगला लकवा मारला. यवतमाळला नेत होते. आर्णी मागं पडली, अन् गाडीत त्याचं डोकं हंसाबाईच्या मांडीवर होतं. तोंड वाकडं झालेलं, शब्द अर्धे बाहेर, अर्धे आत. तरी तिला कळलं. "पोराले सांगू नको. धावत येईल तो. काम जाईल त्याचं. दिवाळीले येतेच ना तो... मंग पाहीन." यवतमाळ यायच्या आतच गेला.

दिवाळीला इंद्रजीतचा करार संपत होता. मधेच निघाला असता तर नोकरी गेली असती. शेजारच्या तांड्यातलं एक पोरगं मायच्या मातीला आलं ते परत जाऊच शकलं नाही. हंसाबाईपुढं नवऱ्याचा शेवटचा शब्द होता. अन् दुसरीकडं शुक्रवार तोंडावर आलेला. घुगरी उतरवली तर पोराला फोनमधे पहिल्याच नजरेला दिसणार. गाल मोकळे दिसले की बंजाऱ्याच्या लेकराला सांगावं लागत नाही, बाप गेला म्हणून.

तिनं तांड्याचा नायक बाबारावच्या पायावर डोकं ठेवलं. "दिवाळीपर्यंत मायी घुगरी राहू द्या."

बाबारावनं तिला उठवून बसवलं. असं मागणं कधी कोणी केलंच नव्हतं. शेवटी म्हणाला, "राहू दे. पोरगा आला का समदं रीतीनं करू, रडणंही तवाच. तोवर फोनवर कोणी तोंड उघडाचं नाही." अन् तांड्यानं ऐकलं. ज्या तांड्यात कोणाची कोंबडी हरवली तरी पुण्यातल्या पोरांना कळते, त्या तांड्यानं मरण गिळलं.

पण गिळलेलं पचते थोडंच? बाया गळ्यात पडायला आल्या नाहीत. रडणंच पुढं ढकललेलं, तर येतील कशा? हंसाबाईला रडू आलं की ती गोठ्यामागं जायची, पदराचा बोळा तोंडात कोंबायची अन् तशीच परत येऊन भांडी घासायची. पाण्यावर एखादी म्हणायचीच, "हंसा, तुयी घुगरी नवरीसारखी चमकून राह्यली वं!" ती ऐकून घ्यायची. आरशात मात्र पाहत नव्हती. रोज सकाळी केस विंचरताना त्या चांदीला हात लागला की अंगावर काटा यायचा, मेलेल्याच्या नावाचं खोटं आपण गालावर टांगून फिरतो म्हणून.

अन् शुक्रवार आला की तीच हंसाबाई तोंड धुऊन, डोक्यावर पदर घेऊन, फोनसमोर हसत बसायची. राखी फोन धरायची. पोरीला रडू आलं की फोन भिंतीकडं फिरवायची अन् सांगायची रेंज नाही.

"बा कुठं हाय?"

"वावरात गेला, डवरणी चालू हाय."

पुढच्या शुक्रवारी बा पुसदच्या बाजारात. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पाहुण्यांकडं नेरला. मग पुन्हा वावरात. पोरगं आधी हो हो म्हणायचं. मग खोदून विचारायला लागलं. एकदा म्हणालं, "याडी, खरं सांग. बा घरातच हाय ना? मायाशी बोलत काहून नाही तो?"

"अरे नाही रे बापू. काम हाय त्याले."

"इतकं कोणतं काम हाय? दर शुक्रवारीच कसं निघते?"

हंसाबाईनं भाजीचं विचारलं, जेवणाचं विचारलं, विषय बदलला. फोन ठेवल्यावर राखी म्हणाली, "याडी, सांगून टाकू. माया जीव जाऊन राह्यला." हंसाबाई म्हणाली, "दिवाळी कुठं दूर हाय?" सोयाबीन पिवळं पडत होतं, कापूस बोंडावर आला होता. जवळच होती दिवाळी. तिला वाटायचं, पोरगं दारात आलं की त्याच्या गळ्यात पडीन अन् सगळं एकदाच बाहेर काढीन. या एका आशेवर ती बाई उभी होती. दुसरं काही नव्हतं तिच्यापाशी.

मग तो शुक्रवार आला. इंद्रजीत फोनवर दिसला तोच हसत. इतका मोकळा तो कित्येक आठवड्यांत हसला नव्हता.

"याडी, एक गोष्ट केली मी. रागावजो नको."

"काय केलं?"

"दोन वर्षं वाढवून घेतले. सही केली काल. आता मले फोरमन करतात."

हंसाबाईला आधी कळलंच नाही. "दिवाळीले येतं ना पण तू?"

"आता नाही जमत. नवा करार सुरू झाला, आता सुट्टी दोन वर्षांनीच. ऐक तर! बा मायावर रागावून हाय, मले मालूम हाय. गेलो तवा मी त्याले नको ते बोललो. तू किती झाक, मले समजते. रिकाम्या हातानं आलो तर तोंडही पाहणार नाही तो. म्हणून म्हटलं, अजून दोन वर्षं. वावरात बोअर मारून देतो बाले, मोटर बसवून देतो. मंग तर बोलन ना तो मायाशी? सांग त्याले. आत्ता जाऊन सांग."

हंसाबाई पोराच्या तोंडाकडं पाहत राहिली. देवा रे! ज्या बापासाठी हे पोरगं स्वतःला दोन वर्षं बांधून बसलं, तो बाप नाल्याच्या काठी राख होऊन वाहून गेला होता. अन् ती गाठ कोणी मारली? तिनंच. दर शुक्रवारी हसून हसून, एकेक खोटं बोलून तिनंच ती आवळली.

तिनं हात वर नेले. बाया नाहीत, रीत नाही, कोणी धरायला नाही. आपल्याच हातानं तिनं कानाजवळचे केस ओढले, गुंता सुटेना तर तसेच तोडले, अन् घुगरी काढून पदरात टाकली. आधी एका गालाची, मग दुसऱ्या गालाची. पोरगं तिकडून पाहत होतं.

"याडी, हे काय करून राह्यली? याडी!"

तिनं तोंड फोनसमोर धरलं. मोकळे गाल दिसले त्याला. त्याच्या मागं खाटेवर कोणी तरी नेपाळी पोरगा कपडे घडी करत होता, त्यानं वळून पाहिलं.

"कवा?" इंद्रजीतनं विचारलं.

"पेरण्या झाल्या तवा," राखी रडत म्हणाली. "यवतमाळले नेता नेता. त्यानंच सांगितलं होतं, भिया, तुले सांगू नका म्हणून. दिवाळीले येतोच म्हणे तू, मंग पाहीन म्हणे."

इंद्रजीत रडला नाही. लहान पोरासारखं तोंड करून त्यानं विचारलं, "म्हणजे बा मायावर रागावला नव्हता?"

तेव्हा हंसाबाईच्या पोटातून जो हंबरडा निघाला, तो पार नाल्यापलीकडं ऐकू गेला. तांड्यातल्या बाया हातातलं काम टाकून धावत आल्या. कोणी काही विचारलं नाही. मोकळे गाल पाहिले अन् तिच्या गळ्यात पडल्या. इतक्या महिन्यांचं तुंबलेलं एकदम फुटलं. चमकणाऱ्या घुगरीवरून टोमणे मारणारी बाई सगळ्यात मोठ्यानं रडत होती. खेमसिंगचं नाव घेऊन, त्याची चाल, त्याचा राग, त्याची बैलांवरची माया, सगळं गात गात बाया रडल्या.

राखीनं फोन खाटेवर उशीला टेकवून ठेवला होता. इंद्रजीत पाहत होता. "बंद करू नको," एवढंच तो म्हणाला. त्याला त्या घोळक्यात शिरता येत नव्हतं, मायच्या डोक्यावर हात ठेवता येत नव्हता. मायचं तोंडही बायांच्या पाठीआड गेलं होतं. मग त्याच्याकडं कोणी तरी दारातून हाक मारली, ओव्हरटाइमची गाडी आली होती. नवा फोरमन पहिल्याच आठवड्यात गैरहजर कसा राहील? त्यानं डोळे पुसले, टोपी घातली अन् गेला.

हंसाबाईला हे नंतर राखीनं सांगितलं. दिवाळीला तांड्यात सगळ्यांची पोरं आली, पुण्याची आली, मुंबईची आली. इंद्रजीत आला नाही.