पळसाच्या माळावर ठरलेलं लग्न

आमच्या लग्नाची जागा त्याने ठरवली आणि दिवस मी. होळीचा दिवस, सकाळी नऊची वेळ, औंढ्याच्या पुढे डोंगराच्या उतारावरचा पळसाचा माळ. घरी कुणालाही सांगायचं नाही.

तो कॉलेजात माझ्या वर्गात होता. त्यांच्या घरी मेंढ्या, आमच्या घरी कुरुंद्याच्या बाजूला थोडी जमीन आणि त्यात हळद. त्यांच्यात आणि आमच्यात सोयरीक होत नाही. एवढं सांगितलं की आमच्याकडे पुढचं कुणी विचारत नाही. दोघांच्या घरातले आम्हीच पहिले ग्रॅज्युएट. तो वसमतला एका क्लासमध्ये गणित शिकवायला लागला होता, मी घरी राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होते.

माळच का, तर दुसरी जागा नव्हती. नोंदणी करायची तर महिनाभर आधी नोटीस फलकावर लागते. औंढ्याच्या देवळात रोज आमच्या गावचं कुणी ना कुणी दर्शनाला असतंच. पण खरं सांगायचं तर आम्हाला तिथेच लग्न करायचं होतं. शहरातल्या जोडप्यांचे मोकळ्या रानातले, फुलांमधले फोटो आम्ही मोबाइलवर पाहिले होते. मेंढ्यांमागे फिरून त्याला त्या माळावरचं झाड न् झाड माहीत होतं. फाल्गुनात पळस पेटल्यासारखा फुलतो, मध्ये मध्ये धायटीची लाल झुडपं असतात. त्याचा एक मित्र भटजींना आणणार होता, दुसरा फोटो काढणार होता.

दिवस मी निवडला तो घरातली कामं बघून. तेव्हा आमच्याकडे हळद शिजत असते. बाबा पहाटेपासून रानात हळद शिजवायच्या मोठ्या कुकरजवळ असतात, आई होळीच्या पुरणात. बारावीची परीक्षा संपून धाकटी बहीण मोकळी झालेली असेल, हेही मी पाहिलं होतं. घरात फक्त तिलाच माहीत होतं.

आम्ही दोघी खळ्यावर शिजलेली हळकुंडं पसरायला बसायचो. या दिवसांत आमच्याकडच्या सगळ्या बायांचे हात मनगटापर्यंत पिवळे असतात. एका दुपारी तिने हळकुंड दगडावर घासलं आणि माझ्या गालाला बोट लावलं.

"झाली तुझी हळद. कोणाला कळणार बी न्हाई."

"आणि हार?"

"पळसाचा केला व्हता काल. दोन घंट्यात पाकळ्या गळाल्या. रुईचा टिकतो बघ."

"रुईचा हार मारुतीला घालतेत."

"व्हय. अन् मारुतीचं लग्न झालं न्हाई, ते बी ध्यानात ठेव," ती म्हणाली आणि हसत हसत हळद पसरू लागली.

मीही हसले. तिचं हसणं मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

होळीच्या चार दिवस आधी आम्ही जागा बघायला गेलो. मी घरी सांगितलं की डिग्रीचं सर्टिफिकेट आणायला कॉलेजात जाते. ज्या कॉलेजसाठी बाबांनी तीन वर्षं रोज सकाळी मला मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडलं, त्याच कॉलेजचं नाव मी पुढे केलं होतं. पहिल्या वर्षी गावातला एक जण ओट्यावर बसून त्यांना म्हणाला होता, "पोरगी बाहेर धाडून राहिलात, उद्या गेली म्हंजी?" बाबा म्हणाले, "गेली तर माझी जाईल, तुमची न्हाई." मी आत दाराआड उभी होते. ते वाक्य मी विसरले नाही. त्याचा अर्थ मात्र मी सोयीने लावत आले होते.

माळावर पोचलो आणि दोघंही जागच्या जागी थांबलो. प्रत्येक झाडाखाली बाया होत्या. कुणी गळलेली फुलं वेचत होत्या, कुणी आकड्याने फांदी वाकवत होत्या. पोती भरून ठेवली होती. धुळवडीच्या आधी पळसाची फुलं गोळा करतात, उकळून त्यांचा रंग करतात. लहानपणी आम्ही दोघांनीही हे केलं होतं. आता तर बचत गट तो रंग हिंगोलीत विकतात. आम्ही फोटोत कसा दिसेल म्हणून माळ निवडला आणि फुलं कुणाच्या तरी कामाची असतात हेच विसरलो. शिकून आलेला हा विसर होता.

त्या बायांत आमच्या शेजारच्या काकू होत्या. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू तर डिग्री आणाया गेली व्हतीस ना? डिग्री इथं मिळून राहिली का?"

तो बाजूला सरकला. काकूंनी मला जवळ बसवलं, माझ्या ओंजळीत फुलं टाकली आणि देठ काढायला लावले. बाकीच्या बायांना वाटावं की मी मदतीलाच आले आहे.

"कवा जाणार हाईस?" त्यांनी हळूच विचारलं.

"होळीला."

"माझ्या नणंदेच्या गावची एक अशीच गेली. ती सुखात हाय, मुंबईला हाय. तिच्या पाठची बहीण अकरावीला व्हती. तिला वैशाखात उजवली, पोरगं बी धड बघितलं न्हाई. तिचं दप्तर अजून खुंटीला हाय." त्या देठ काढत राहिल्या. "मी कोणाला सांगणार न्हाई, बाई. पण कोणी विचारलं तर खोटं बी बोलणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी खळ्यावर मी बहिणीला विचारलं, "नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरलास?"

"न्हाई."

"काहून? शेवटची तारीख जवळ आली की."

"भरून काय करू?" ती हळकुंडांतली मुळं तोडत होती. "तू गेल्यावर मला नांदेडला कोण धाडतं? बारावी झाली, हेच लई झालं. तू पहिली शिकलीस म्हणून एवढं तरी मिळालं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने विचार करून, मला न सांगता, स्वतःचं उत्तर काढून ठेवलं होतं. आणि त्या उत्तराला धरूनच ती माझ्यासाठी हार करून बघत होती.

मी त्याला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "सांग त्यांना. मी येऊ का संगं?" मी नको म्हणाले.

बाबा कुकरची वाफ सोडत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाचा हाय?"

मी सांगितलं.

"त्याचा आजा खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवायचा. चांगला माणूस व्हता." थोड्या वेळाने ते म्हणाले, "चांगला असून काय."

"व्हय, बाबा."

"न सांगता जाणार व्हतीस ना? मग आता काहून सांगून राहिलीस?"

"तिनं फॉर्म भरला न्हाई."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते खाली बसले आणि गमछ्याने हात पुसत राहिले. हळदीचे हात पुसून पिवळेपणा जात नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

"तिचं शिकून होईस्तोवर तू हे घर सोडायचं न्हाई," ते म्हणाले. "त्याच्याशी बोलणं बंद. मंग मी व्हय म्हणेन का न्हाई, ते आज सांगत न्हाई. बराबर हाय का?"

बरोबर नव्हतं. पण मी हो म्हणाले. त्याच संध्याकाळी माझ्या मोबाइलवरून फॉर्म भरला. ओटीपी बाबांच्या फोनवर आला. त्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

बहीण नांदेडला गेली. सोडायला बाबाच गेले, पेटी स्वतः उचलून. तीन वर्षांचा कोर्स आहे, आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. फोनवर वॉर्डातल्या गोष्टी सांगते. बाबा स्पीकर लावायला सांगतात आणि लांब बसून ऐकतात. माझ्याशी ते कामापुरतंच बोलतात. त्यांच्यावर मला राग धरता येत नाही आणि ते माझ्याशी न्यायाने वागले असंही म्हणता येत नाही. मी शिकले ती त्यांच्यामुळे. हे खरं असल्यामुळेच बाकीचं जड जातं.

दिलेला शब्द मी पाळला आहे, जवळजवळ. होळीच्या सकाळी नऊ वाजता त्याच्याकडून माळाचा फोटो येतो. सोबत एक अक्षर नसतं. मी बघते आणि पुसून टाकते. फोटोला बोलणं म्हणायचं की नाही, हे मी बाबांना विचारलेलं नाही.

यंदाही काकू पळसाच्या रंगाची बाटली घेऊन आल्या. "औंदा लई फुलला," एवढंच म्हणाल्या. यंदाही फोटो आला. पण त्याखाली पहिल्यांदाच एक ओळ होती: घरचे माझ्या लग्नासाठी दिवाळीपर्यंतच थांबतो म्हणतेत.

बहिणीची दीड वर्षं बाकी आहेत. तिला हे कळलं तर ती कोर्स सोडून येईल, म्हणून तिला सांगितलेलं नाही. फोटो मी या वेळी पुसला नाही आणि उत्तरही अजून दिलेलं नाही. मोबाइलच्या काचेवर माझ्या बोटांचे पिवळे ठसे उमटले आहेत. खळ्यावरून बाबा हाक मारत आहेत, हळद पसरायची राहिली आहे.