रिकाम्या रांगेतलं क्वार्टर

माझ्या पगारात बोरसीत दोन खोल्याही परवडेनात, तेव्हा शाळेने कारखान्याच्या टाउनशिपमधलं एक जुनं क्वार्टर कमी भाड्यात मिळवून दिलं. त्या रांगेत मी एकटीच होते. बाकीच्या क्वार्टरांची दारं विटांनी बुजवलेली होती.

रोज शाळेतून आले की मागचं अंगण झाडलेलं दिसायचं. विचारणार तरी कोणाला?

एका शनिवारी लवकर आले. मागच्या पायरीवर एक म्हातारी मांडीवर खराटा घेऊन बसली होती.

"कोण जी तुमी?"

"तुह्या आधीची मास्तरीण. रिटायर झाली अन् क्वार्टर सोडा लागलं. आता भाचीकडे राहून राहिली, पण दुपारी पाय इकडंच येते."

"घर नाही घेतलं?"

"तुले तरी कुठं जमून राहिलं?"

मी तिला चहाला आत बोलावलं. ती माझ्या पुढे चालत गेली आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरात न चाचपडता तिने दिव्याचं बटण दाबलं.

कप ठेवताना तिने विचारलं, "तुह्या नोकरीची किती वर्षं उरली?"

"एकवीस."

"लवकर सरते वर्षं," ती म्हणाली.

उद्यापासून आतच येऊन बसा, असं मी तिला सांगितलं. एरवी रोज संध्याकाळी मी मागच्या पायरीवर बसायचे; त्या संध्याकाळी मात्र मला तिथे बसवेना.