रिकामी दिसणारी बाटली

नव्वदच्या दशकात मी तारापूरच्या औद्योगिक इस्टेटीतल्या एका औषध कंपनीच्या छोट्या प्रयोगशाळेत लागले. बोईसरला भाड्याची खोली, कंपनीच्या बसने ये-जा आणि डोक्यात एम.एस्सी.ची भरपूर हवा. आमच्याकडे माल म्हणजे ड्रम आणि पोती. ग्रॅमात मोजायच्या वस्तूला कुणी माल म्हणतच नसे.

अशात आमच्या साहेबांनी परदेशातून एक प्रथिन मागवलं. माणसाच्या पेशींवर रिसेप्टर असतात, औषधाचा रेणू त्यांना जाऊन चिकटतो. हे प्रथिन म्हणजे असाच एक रिसेप्टर. पण माणसातून काढलेला नव्हे. माणसाचं जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून बनवून घेतलेला. आमचा नवा रेणू त्याला चिकटतो का, एवढंच बघायचं होतं. साहेब पाच महिने वाट बघत होते आणि खोका आला का, खोका आला का, म्हणून रोज आमचं डोकं खात होते.

दिवाळी नुकतीच झाली होती. गुरुवारी सकाळी खोका आला तेव्हा साहेब मीटिंगला गेलेले, म्हणून मीच उघडला. बर्फाच्या पिशव्यांत करंगळीच्या पेराएवढ्या दोन बाटल्या, वर नुसते आकडे. एकीत पाण्यासारखं काहीतरी, दुसरी रिकामी. सोबतचा कागद मी न वाचताच साहेबांच्या टेबलावर ठेवला. पाणी म्हणजे प्रथिन आणि दुसरी बाटली जादा दिलेली, असं माझं मीच ठरवलं. भरलेली फ्रीजमध्ये ठेवली, रिकामी धुवायच्या ट्रेमध्ये टाकली.

काचसामान धुवायला एक मावशी होत्या. बेटेगावच्या, कंत्राटदाराकडून लागलेल्या. दिवाळीनंतर त्यांच्या पाड्यावरची निम्मी माणसं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जायची. या कामामुळे मावशींना जावं लागत नव्हतं, म्हणून त्यांची मुलगी चौथीपर्यंत शाळेत टिकली होती. तिला सतराचा पाढा येतो, हे त्यांनी मला तीनदा तरी सांगितलं असेल.

मावशींनी ती बाटली उजेडात धरली.

“ताई, तळाला धुरकट हाय काय तरी.”

“काही नाही हो मावशी, धुवा,” मी म्हणाले. मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

दुपारी साहेब कागद घेऊन आले. फ्रीजमधलं पाणी म्हणजे नुसतं विरघळवायचं द्रावण होतं. प्रथिन दुसऱ्या बाटलीत होतं, सुकवलेलं, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं. ती बाटली आता जाळीवर उपडी वाळत होती.

साहेब तसे शांत, पण त्या दिवशी त्यांचा पारा चढला. ही धुवायला कोणी सांगितली, असं त्यांनी मावशींना विचारलं. मावशींनी माझ्याकडे बघितलं. माझी नोकरी पक्की व्हायला महिना उरला होता. मी नजर वळवून वहीत आकडे लिहू लागले.

“ट्रेमदी होती, धुतली,” मावशी म्हणाल्या.

साहेबांनी तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला आणि यापुढे ही बाई नको म्हणून सांगितलं.

शुक्रवारी आमच्या इस्टेटीला आठवड्याची सुट्टी. मी खोलीत पडून राहिले. इतकी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती. साहेब दहा मिनिटांवर राहायचे, तरी मी उठून त्यांच्याकडे गेले नाही. शनिवारी मात्र ते खुर्चीत बसायच्या आत सगळं सांगून टाकलं. ते खाली बसले. मग म्हणाले, “त्यांना परत बोलवा. आणि नवी बाटली मागवायचं पत्र तुम्हीच लिहा.” माझी नोकरी राहिली.

सोमवारी मावशी आल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. मी जवळ गेले.

“मावशी, चूक माझी होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.”

“शुकरवारी भट्टीचा ट्रक गेला,” त्या म्हणाल्या. “काम सुटलं म्हणून पोरीला दिरासंगं धाडली, त्याच्या बारक्याला सांभाळाया. मी पुढच्या ट्रकानं जाणार होती. तुमी आदी बोलल्या असत्या तर नसती धाडली.”

आवाजात राग नव्हता. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, चला, आपण जाऊन तिला आणू. तर म्हणाल्या, “कोणची भट्टी, मला ठाव नाय.”

नवी बाटली उन्हाळ्यात आली आणि प्रयोग चांगला झाला. पोरगी परतली पावसाच्या तोंडावर, तोवर चौथीची परीक्षा होऊन गेली होती. मावशींनी तिला पुन्हा शाळेत नेऊन बसवलं, पण लहान पोरांत बसायला ती लाजायची. पुढच्या दिवाळीनंतर ती आपण होऊन भट्टीच्या ट्रकमध्ये चढली.