पेनरोजला शू द्यायला गेले त्याची गोष्ट

पस्तिशी उलटल्यावर मी नर्सिंगला प्रवेश घेतला. आधी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, ऑकलंडला आल्यावरही काही वर्षं तेच रेटलं, आणि एक दिवस मनापासून कंटाळले. नवऱ्याला म्हटलं, "आता जिवंत माणसांमधले बग शोधते." तो म्हणाला, "माझ्यात शोधतेस तेवढे पुरत नाहीत का?" आणि फी भरायला लॅपटॉप उघडून बसला.

पहिल्या प्लेसमेंटसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी, मला एका वृद्धाश्रमात पाठवणार होते. त्याआधी पोलिसांकडून माझी चौकशी होणार होती. तिचं काही वाटलं नाही. पुण्यात एकदा नो-पार्किंगमधून माझी स्कूटर उचलून नेली होती, एवढाच माझा गुन्हेगारीचा इतिहास. पण त्या वृद्धाश्रमाला ड्रग टेस्टही हवी होती. म्हणजे पेनरोजला जाऊन लघवी द्यायची.

जेवताना मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई आमच्याकडे, ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरात, राहायला आल्या होत्या. त्यांनी घास खाली ठेवला.

"काय होतंय गं तुला?"

"काही नाही हो आई. मी चरस-गांजा घेत नाही ना, ते बघणार."

"तुझ्यावर संशय कुणी घेतला?"

"सगळ्यांचीच करतात."

"म्हणजे सगळ्यांवरच संशय! छान देश आहे."

आमची आठ वर्षांची लेक मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. ती वैतागून म्हणाली, "आजी, इट्स ईझी. शी जस्ट हॅज टु पी!"

"पिईल की," सासूबाई म्हणाल्या. "मी देते ना धन्या-जिऱ्याचं पाणी."

आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो. सासूबाईंना कारण कळलं नाही, पण सकाळी बाटली मात्र तयार होती.

पेनरोज म्हणजे गोदामं, कारखाने आणि अंगावर येणारे ट्रक. टेस्टिंगचं ऑफिस एका टायरच्या दुकानाला लागून होतं. आत भगवी जाकिटं आणि जाडजूड बूट घातलेले पुरुष रांगेत बसले होते, बहुतेक ड्रायव्हर आणि गोदामातले कामगार. त्यांच्यात मी, ठेवणीतला कुर्ता घालून, लग्नाला आल्यासारखी.

नमुने घेणारी बाई चांगली उंचनिंच, आडव्या अंगाची सामोअन होती. केसात फूल आणि आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. "किया ओरा, लव्ह," असा माओरी नमस्कार करत तिने माझी पर्स लॉकरसाठी घेतली आणि आतली बाटली बाहेर काढून उजेडात धरली. पाणी पिवळसर होतं.

"हे काय आहे?"

"पाणी. त्यात सीड्स उकळल्यात."

ड्रग टेस्टिंगच्या ऑफिसात हा शब्द उच्चारू नये, हे मला तेव्हा कळलं. सगळी जाकिटं माझ्याकडे वळली.

"कसल्या सीड्स?"

"धने. जिरं. कोथिंबिरीच्या... स्वयंपाकातल्या!"

तिने झाकण उघडून वास घेतला. शेजारचा दाढीवाला फोर्कलिफ्ट ड्रायव्हर म्हणाला, "मेट, चालत असेल तर मलाही दे थोडं." बाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बुटांच्या नाड्या बांधायला लागला. बाटली लॉकरमध्ये गेली.

मग मी प्लास्टिकचा कप घेऊन संडासात गेले. कुणी भेसळ करू नये म्हणून भांड्यातलं पाणी निळं केलेलं, नळ बंद केलेला. "मी इथेच उभी आहे हं," ती दाराबाहेरून म्हणाली. तिने धीर द्यायला म्हटलं असेल, पण माझं सगळं तिथेच आटलं. लहानपणापासून एसटीत, परीक्षेत, लग्नाच्या हॉलमध्ये आम्हाला दाबून धरायलाच शिकवलेलं. आता एका परक्या बाईने हुकूम सोडला म्हणून ते सुटतंय होय?

रिकामा कप घेऊन बाहेर आले. दाढीवाला ड्रायव्हरही नुकताच हात हलवत परत आला होता.

"तुझंही नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

बाईने दोघांनाही साधं पाणी मोजून दिलं आणि नियम सांगितला: ठरलेल्या वेळेत जमलं नाही, तर टेस्टला नकार दिला अशी नोंद होते.

"पण मी नकार देत नाहीये! ते येत नाहीये!" माझा आवाज चांगलाच चढला.

"समजतंय, लव्ह. पण तिथे 'येत नाहीये' असा रकाना नाही."

आता मात्र माझं धाबं दणाणलं. वर्ष वाया, फी वाया, आणि नातेवाइकांना काय सांगायचं? एवढ्यात ड्रायव्हर आत गेला आणि भरलेला कप घेऊन विजयी मुद्रेने बाहेर आला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्याचा रागच आला.

दुसऱ्यांदा आत गेले. परत तेच. गोठलेल्या शांततेपेक्षा बोललेलं बरं, म्हणून मी आतून विचारलं, "तुमच्याकडे लहान मुलांना कसं करायला लावतात?"

"नळ सोडतो," ती दाराबाहेरून म्हणाली. "पण ते इथे चालत नाही."

"आमच्याकडे आई 'शू' म्हणते. लांबवून. त्या कामाचं नावच शू आहे."

"शू?"

"शूऽऽऽ."

मग त्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात, अगदी गंभीरपणे आलं, "शूऽऽऽ." आणि तिच्यामागून वेटिंग रूममधल्या जाकिटांनी कोरस धरला, "शूऽऽऽऽऽ."

मला असं हसू फुटलं की भिंतीला धरून बसावं लागलं. आणि त्या हसण्यातच काम झालं. कप हातात होता हे नशीब.

बाईने कपावरची तापमानाची पट्टी पाहिली, झाकण लावलं, सील केलं. "स्वीट ॲज," म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास. मी तिला मिठीच मारणार होते, पण तिने आधी हात धुवायला पाठवलं.

घरी परतताना मोटरवेवर गाड्या तुंबल्या होत्या. आणि मघाशी गयावया करूनही न येणारी शू आता, तीन लेनच्या मधोमध, धावत निघाली. प्यायलेलं सगळं पाणी एकदम हिशेब मागायला लागलं. दात आवळून, रेडिओ बंद करून, पुढच्या ट्रकला मराठीत शिव्या देत मी पहिल्या एक्झिटने बाहेर पडले आणि पेट्रोल पंपावर गाडी तशीच सोडून धावले.

घरी नवऱ्याने विचारलं, "झालं का?"

"दोनदा," मी म्हटलं आणि सोफ्यावर आडवी झाले.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला, स्वच्छ. त्यानंतरच्या सोमवारी मी वृद्धाश्रमात रुजू झाले. तिथल्या मुख्य नर्सने ना रिपोर्ट मागितला, ना पोलिसांचं काही विचारलं. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं, "दिवसभर उभं राहायला हे चालतील?" एवढंच विचारलं आणि माझ्या हातात चहाचा ट्रे दिला.