मामांना पूर्ण गुण

पीएच.डी. झाल्यावर मी हैदराबादच्या एका संस्थेत पुढचं संशोधन करत होते. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कशा खराब होतात आणि त्यातून स्मृतिभ्रंश कसा येतो, हा विषय. सुरुवातीला माझा संबंध फक्त उंदरांशी आला. त्यांचा रक्तदाब आम्ही वाढवायचो आणि मग औषध देऊन उतरवायचो. पुढे माणसं तपासायचं ठरलं, तेव्हा सरांनी मला महाराष्ट्राच्या सीमेवरच्या बेल्याला, माझ्या गावी पाठवलं. "तुझी भाषा, तुझीच माणसं. नाही म्हणणार नाहीत," ते म्हणाले. आमच्या गावात नाही म्हणणं हा कापसाखालोखालचा उद्योग आहे, हे सरांना माहीत नव्हतं.

म्हणून मी मामांपासून सुरुवात केली. मामांचं किराण्याचं दुकान. रक्तदाब जुना, गोळ्या मात्र त्यांनी मधेच सोडलेल्या.

"काऊन सोडल्या?" मी विचारलं.

"दवाखान्यात मशीन लावली तं बराबर निंगालं. बरं झाल्यावर कोन गोळ्या खाते?"

"गोळ्या घेत होता म्हणूनच बरोबर निघालं, मामा."

"तुह्या उंदराले गोळी कोन देते?"

"मीच देते."

"मंग ठीक हाय. त्याले ना म्हणता येत नाई."

मी स्मृतीच्या चाचणीचे प्रश्न विचारायला घेतले. आज तारीख काय, यावर त्यांनी तारीख का तिथी असं विचारलं आणि दोन्ही सांगितल्या. आपण कोणत्या राज्यात आहोत, यावर ते खुशीत आले. "माह्या बापाच्या वक्ताले निजामाचं होतं. म्या शाळेत गेलो तवा आंध्र. आता तेलंगणा. मोबाइल तेवढा महाराष्ट्रात रायते, टावर तिकडचं धरते. यातलं कोणतं लिवतं?" जिल्हा विचारला तर म्हणाले, "आदिलाबाद. चार वाटण्या झाल्यावर उरला तेवढा." मी सांगितलेले शब्द त्यांनी नंतर बिनचूक परत सांगितले. वजाबाकी तर मला कागदावर पडताळून पाहावी लागली. कामाचा क्रम लावता येतो का हे दाखवणारा, घड्याळाचं चित्र काढायचा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना पेन धरायची सवय नसते, असं हैदराबादच्या बैठकीत ठरल्यामुळे तो गाळला होता. मामांना पूर्ण गुण मिळाले.

मामी आत लसूण निवडत होती. मी तिला आनंदाने सांगितलं, "मामा एकदम ठणठणीत आहेत."

"हो का," ती म्हणाली. "मंग त्यायले च्या मांडाले सांग."

मी सांगितलं. मामा लगेच उठले. त्यांनी पातेलं घेतलं, चहाचा डबा घेतला, साखर घेतली. साखर पातेल्यात टाकली आणि थांबले. पातेल्यात पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, पुन्हा पातेल्यात पाहिलं. समोरच्या एकेका वस्तूचं नाव त्यांनी मला सांगितलं असतं. यानंतर काय करायचं, एवढंच सापडत नव्हतं. शेवटी पातेलं फळीवर ठेवून ते म्हणाले, "गॅस सरला वाटते," आणि दुकानात जाऊन बसले.

गॅस सरलेला नव्हता. मामीने शेगडी पेटवली, पातेल्यात पाणी ओतलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. सुचनं एकदम कमी झालं. मंग बरेच दिवस तसंच. मंग एक दिवस उठले तं अजून कमी. बोलनं पाय, वकिलावानी हाय. म्हणून कोनाले खरं वाटत नाई."

पायरी-पायरीने उतरत जाणं हे या आजाराचं ठळक लक्षण. आठवण टिकून राहते आणि कामाचा क्रम आधी सुटतो, हेही. दोन्ही गोष्टी मी विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवल्या होत्या. मी चहा घेतला, पण मामीकडे पाहायचं टाळलं.

आदिलाबादला नेऊन त्यांच्या मेंदूचा स्कॅन केला. आत जागोजागी पांढरे डाग होते, न कळता येऊन गेलेल्या लहान झटक्यांचे. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. परतताना जीपमध्ये मामीने विचारलं, "बरे होतीन का?"

"गेलं ते येणार नाही, मामी. राहिलंय ते टिकवता येईल."

तिने गोळ्यांचं पुडकं पिशवीत नीट ठेवलं. मग म्हणाली, "बराच मानूस रायला हाय अजून."

हैदराबादला गेल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वाईट झालं. पण चहा ही प्रमाणित चाचणी नाही." आमच्या छापून आलेल्या लेखात मामा निरोगी गटात आहेत. लेखाचं बऱ्यापैकी कौतुक झालं. मला पुढची शिष्यवृत्तीही मिळाली.

मामीने रक्तदाब मोजायचं मशीन आणलं. आता दुकान तीच चालवते आणि सामान घ्यायला आलेल्या बायांच्या दंडाला पट्टा बांधते. कोणाचा वाढलेला निघाला की ती गोळ्यांचं विचारते, आणि बाई म्हणते, मागच्या महिन्यात बरोबर होतं म्हणून सोडल्या. मग स्टुलावर बसलेले मामा तिला समजावतात. गोळी का सोडू नये, नस कशी कडक होते, डोक्यात रक्त कसं पोचत नाही, असं सगळं इतकं सोपं करून सांगतात की मला ते कधी जमलं नाही. बाया मान डोलावतात, आणि काही खरोखर गोळ्या सुरू करतात.

गेल्या खेपेला मी विचारलं, "मामा, तुमी आज घेतली का गोळी?"

त्यांनी मामीकडे पाहिलं. मामीने होकाराची मान हलवली.

"घेतली," मामा म्हणाले.